फ्लूची लस मे महिन्यात, वर्गाची खिडकी जूनपासून

प्रश्न: मी करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. वय 41. दर पावसाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, मला फ्लू होतोच. एखाद्या वर्षी दिवाळीपर्यंत दोनदा. शाळा द्विशिक्षकी आहे, त्यामुळे मी रजा टाकली की चारही वर्ग एकट्या सरांच्या गळ्यात पडतात. वाफ, काढा, सॅनिटायझर सगळं करून झालं. शिक्षकांनी फ्लूची लस घ्यावी का, आणि घ्यायची तर कधी? आणखी काय करता येईल? घरी 72 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना मधुमेह आहे. माझ्यामुळे त्यांना लागेल याची सारखी धास्ती असते.

उत्तर:

मॅडम, मी कोल्हापुरात बरीच वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतो. पावसाळ्यात माझ्या दवाखान्यातल्या बाकावर शाळकरी मुलं आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे शिक्षक, हा क्रम ठरलेला असतो. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात उपयोगी वाटली ती महिन्यांची माहिती. तिथूनच सुरुवात करतो, कारण बाकीचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

इंटरनेटवर फ्लूविषयी जो सल्ला मिळतो, तो बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतल्या थंडीसाठी लिहिलेला असतो. ऑक्टोबरमध्ये लस घ्या, हिवाळ्यात जपा, वगैरे. श्रीनगरमधल्या शिक्षकाला तो चालेल, कारण तिथे फ्लूचा जोर खरोखरच हिवाळ्यात असतो. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो. एकदा पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा जानेवारी ते मार्च. म्हणजे जूनच्या मध्याला शाळा उघडायची, मुलं महिनाभर एकत्र बसायची, पाऊस लागून राहायचा आणि मग लाट यायची. दुसरी लाट स्नेहसंमेलनं उरकल्यावर, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर. ऑक्टोबरात लस घेणारा कोल्हापूरचा शिक्षक पावसाळ्यातली लाट अंगावर काढून मग दंडात सुई टोचून घेतो.

म्हणून लशीबद्दलचं उत्तर असं: हो, घ्या, आणि मेच्या सुट्टीत घ्या. लस टोचल्यावर शरीरात पुरेशी प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे मे संपायच्या आत घेतली तर शाळेची घंटा वाजेपर्यंत तुम्ही तयार असता. संरक्षण पहिले काही महिने चांगलं असतं, पुढे ते उतरत जातं. मेमधली लस पावसाळा सांभाळते आणि जानेवारीतही थोडीफार साथ देते. मे हुकला तर जूनमध्ये घ्या, जुलैतही घ्या. 'आता साथ सुरू झाली, आता काय उपयोग' असं म्हणून सोडून देऊ नका. लाट आठवड्यात संपत नाही.

दर वर्षी घ्यावी लागते, यावर लोक वैतागतात. कारण असं की फ्लूचा विषाणू सतत थोडा थोडा बदलत राहतो आणि गेल्या वर्षीची ओळख यंदा अपुरी पडते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीत काय असावं हे ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात आहोत, पण आपली मोठी लाट पावसाळ्यातली असल्यामुळे मे महिन्याला दक्षिण गोलार्धाची त्या वर्षीची लस जुळते. डबीवर वर्ष आणि 'एसएच' (दक्षिण गोलार्ध) किंवा 'एनएच' (उत्तर गोलार्ध) असं छापलेलं असतं. टोचून घेण्याआधी डबी बघायला मागा, त्यात डॉक्टरला वाईट वाटण्यासारखं काही नाही. गेल्या हंगामाची उरलेली लस तुमच्या दंडात जाऊ नये इतकाच हेतू. तीन प्रकारच्या फ्लू विषाणूंवरची लस मिळाली आणि दुकानदार म्हणाला की पूर्वी चारांवरची यायची, तरी घाबरू नका. बी प्रकारातला यामागाता नावाचा वंश मार्च 2020 नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेला नाही, म्हणून तो लशीतून वगळावा असा जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला आहे. उरलेले तीन म्हणजे एच1एन1, एच3एन2 आणि बी व्हिक्टोरिया. यातला एच1एन1 म्हणजेच 2009 मध्ये 'स्वाइन फ्लू' म्हणून आलेला विषाणू. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला, देशातला पहिला, आणि शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, हे तुम्हाला आठवत असेल. तोच विषाणू आता दरवर्षीच्या फ्लूचा भाग झाला आहे. त्यामुळे गावात 'स्वाइन फ्लूचा पेशंट सापडला' अशी बातमी आली की लगेच शाळेला कुलूप लावायची गरज नसते. लस मात्र त्याच्यावरही चालते.

आता लशीकडून अपेक्षा किती ठेवायची? लस आणि विषाणू चांगले जुळले त्या वर्षी, डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू होण्याची शक्यता साधारण 40 ते 60 टक्क्यांनी कमी होते. शंभर टक्के नाही. पण लस घेतलेल्याला फ्लू झालाच तर तो बहुधा सौम्य जातो, दवाखान्यात दाखल व्हायची वेळ कमी येते. लस फक्त फ्लूवर आहे. साध्या सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत, त्यांच्यावर ती काहीच करत नाही. 'लस घेतली तरी सर्दी झाली, पैसे वाया' ही तक्रार मी दर वर्षी ऐकतो, आणि ती सर्दी बहुतेक वेळा फ्लू नसतेच. तुमचा दिवाळीच्या आसपासचा दुसरा 'फ्लू'सुद्धा कदाचित दुसराच कुठला विषाणू असेल.

सुईने दिल्या जाणाऱ्या लशीत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यामुळे लशीने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद्या दिवशी अंग कसकसतं, बारीक ताप येतो, दोन दिवसांत जातं. सुट्टीत घेण्याचा आणखी एक फायदा हाच. अंड्याची अ‍ॅलर्जी हे आता नाही म्हणायचं कारण राहिलेलं नाही. मात्र पूर्वी याच लशीने तीव्र रिअ‍ॅक्शन आली असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. गर्भवती शिक्षिकांनी तर आवर्जून घ्यावी, कुठल्याही महिन्यात चालते. गरोदरपणात फ्लू फार वाईट वळण घेऊ शकतो, आणि आईला दिलेल्या लशीचं संरक्षण बाळाला पहिले काही महिने मिळतं. खासगीत खर्च दीड-दोन हजारांच्या घरात जातो, हे मान्य. जोखमीच्या लोकांसाठी, म्हणजे गर्भवती, मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण अशांसाठी, राज्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेतून ही लस मोफत दिली जाते. साठा कायम असतोच असं नाही, म्हणून तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात आधी चौकशी करा.

लशीवर एवढं लिहिलं, कारण बाकी सगळ्या उपायांत रोज मेहनत आहे आणि हा एकदाच करायचा आहे. आता वर्गात येऊ.

लोक फ्लू म्हटलं की हातांचा विचार करतात. हात महत्त्वाचे आहेतच, पण शिक्षकाला फ्लू मुख्यतः हवेतून आणि समोरासमोरच्या बोलण्यातून लागतो. खोकणं-शिंकणं सोडाच, मोठ्याने बोलतानाही तोंडातून बारीक थेंब उडतात. मोठे थेंब तीन ते सहा फुटांच्या आत खाली पडतात, अगदी सूक्ष्म थेंब बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. पावसाळ्यात आपल्याकडे काय होतं ते आठवा. झड आत येते म्हणून वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद, मुलांची दप्तरं भिजू नयेत म्हणून दारही लोटलेलं. ओले रेनकोट कोपऱ्यात. वर पंखा गरगरतोय. आणि अशा खोलीत तीस मुलं एकसुरात बारा एके बारा म्हणतायत. पंख्याने हवा बदलत नाही. झाकलेल्या पातेल्यात डाव फिरवला म्हणून वाफ बाहेर जात नाही, तसंच आहे ते.

यावर उपाय बिनपैशाचा आहे. समोरासमोरच्या दोन उघड्या जागा पाहिजेत, तरच वारा खोलीतून पार होतो. पाऊस ज्या बाजूने येतो ती खिडकी बंद करा, पण तिच्या समोरची खिडकी आणि दार पूर्ण उघडं ठेवा, आणि पावसाच्या बाजूचीही वरची झडप असेल तर ती उघडी राहू द्या. पाऊस उघडला की, आणि करवीरमध्ये गगनबावड्यासारखा तो सलग कोसळत नाही, दिवसातून तीन-चारदा सगळं सताड उघडा. छोटी सुट्टी, मोठी सुट्टी, तासांच्या मधली पाच मिनिटं. पाढे, कविता, प्रकट वाचन हे सगळे मोठ्या आवाजाचे प्रकार शक्य तेव्हा व्हरांड्यात घ्या. परिपाठही पावसामुळे वर्गात कोंबून घेण्यापेक्षा व्हरांड्यात छोटा घेतलेला बरा. तुमची खुर्ची-टेबल वर्गाच्या बंद कोपऱ्यात असेल तर ते उघड्या खिडकीशी सरकवा. दिवसाचे पाच-सहा तास तुम्ही कुठे बसता याला अर्थ आहे.

दुसरी सवय जरा बारीक आहे. तिसरी-चौथीचं मूल गणित अडलं की काय करतं? वही घेऊन येतं, टेबलासमोर उभं राहतं, आणि तुम्ही दोघं एकाच वहीवर वाकता. तोंडाला तोंड, वीतभर अंतर. दिवसातून किती वेळा होतं ते मोजा एकदा. त्याऐवजी मुलाला तुमच्या बाजूला, खांद्याशेजारी उभं करा, म्हणजे दोघांची तोंडं फळ्याकडे राहतात. शिकवणं तेवढंच होतं, त्याचा श्वास मात्र थेट तुमच्या तोंडावर येत नाही. बाकावर बसलेल्या मुलाकडे जाताना समोरून न वाकता मागून किंवा बाजूने जा. शाळांमध्ये तपासणीला गेलो की मी हीच गोष्ट सांगतो, आणि शिक्षकांना सगळ्यात जास्त पटलेली तीच आहे.

मास्कचं काय? दिवसभर एन-95 लावून शिकवा असं मी सांगणार नाही. आवाज चढवावा लागतो, घसा बसतो, आणि दोन दिवसांत तो मास्क पर्समध्ये जातो. तो ठरावीक वेळीच वापरा. वर्गात एकाच वेळी तीन-चार मुलं खोकत असतील त्या आठवड्यात. वडापमध्ये, म्हणजे खासगी शेअर गाडीत, जिथे काचा बंद करून दहा-बारा जण मांडीला मांडी लावून बसतात, तिथे तर नक्कीच. पावसात केएमटीच्या गच्च बसमध्ये. दवाखान्यात वाट बघताना. आणि मास्कची जास्त गरज खोकणाऱ्याला असते. चौथीचं मूल साधा तीन पदरी मास्क नीट लावतं. दप्तराच्या कप्प्यात ठेवायला दोन-दोन द्या.

शिक्षकांच्या आपापसातल्या लागणीकडे मात्र कुणी बघत नाही. तुमची शाळा दोघांची, पण केंद्राची शिक्षण परिषद असते तेव्हा एका हॉलमध्ये सगळ्या शाळांचे शिक्षक दिवसभर बसतात, चहा होतो, डबे एकत्र उघडतात. मोठ्या शाळांत हेच काम स्टाफरूम रोज करते. एवढीशी खोली, खिडकीला कपाट टेकवलेलं, आणि जेवताना सगळे बोलतायत. मुलांपासून जपणारा शिक्षक तिथे बेसावध असतो. डबे एकत्र खाऊ नका असं सांगायला मी धजणार नाही, कोल्हापुरात ते कोण ऐकणार! पण वाढायला वेगळा चमचा ठेवा, कपाट हलवून खिडकी उघडा, आणि ज्याला कणकण आहे त्याला त्या दिवशी व्हरांड्यात जेवू द्या.

आता हात आणि वह्या. फ्लूचा विषाणू बाकाच्या सनमायकावर, स्टीलच्या कडीवर, मोबाइलच्या काचेवर 24 ते 48 तास तग धरू शकतो. कागदावर आणि कापडावर त्याचा टिकाव कमी, साधारण 8 ते 12 तास. हातावर तर काही मिनिटांतच त्याचा जोर ओसरतो. म्हणजे वह्यांचा गठ्ठा घरी नेला म्हणून घाबरायचं कारण नाही. फार साथ असेल तर आज गोळा केलेल्या वह्या उद्या तपासा. मुख्य धोका असा की मुलाची पेन्सिल, कडी, खडू हाताळून तोच हात लगेच नाका-डोळ्यांना लागतो. चष्मा सावरणं, नाक खाजवणं, पान उलटायला बोटाला थुंकी लावणं. ही शेवटची सवय असेल तर आजच सोडा.

फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. साधा साबण, 20 सेकंद. महागडा 'जंतुनाशक' साबण लागत नाही. पाणी-साबण नसेल तेव्हा किमान 60 टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर ठीक आहे, पण खडूच्या धुळीने माखलेल्या हातावर ते नीट चालत नाही. शाळेत खिचडीच्या आधी मुलांचे हात धुऊन घेता, त्याच वेळी तुम्हीही धुवा. बहुतेक शिक्षक त्या वेळी रांग सांभाळत उभे असतात आणि स्वतःचे हात राहून जातात. साबण हरवतो म्हणून जाळीच्या पिशवीत घालून नळाला टांगायची पद्धत अनेक शाळांत आहे, ती उत्तम आहे. घरी पोचल्यावर आधी हात, मग मोबाइलची काच, मग बाकी सगळं.

मुलांच्या खिशाला पिनने अडकवलेल्या रुमालाबद्दल थोडं बोलायला हवं. दिवसभर तोच ओला रुमाल नाकाला, हाताला, बाकाला. त्यापेक्षा कोपरात खोकायला आणि शिंकायला शिकवा. परिपाठात आठवडाभर घेतलं तर मुलं एकमेकांना आठवण करून देतात, आणि घरी आजोबांनाही सांगतात.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात अवघड वाटतो: आजारी मूल शाळेत येणं. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस विषाणू पसरवतो, पहिले तीन-चार दिवस सर्वात जास्त. लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त दिवस, कधी दहा दिवसही. त्यामुळे 'खोकणाऱ्याला घरी पाठवलं की सुटलो' असं होत नाही, एक दिवस आधीच त्याने वाटप केलेलं असतं. तरी तापाचं मूल वर्गात नसणं हा मोठा फरक आहे. नेहमीचा प्रकार असा की सकाळी आई पॅरासिटामॉलचं सिरप पाजून पाठवते, साडेदहाला मूल हसत येतं आणि खिचडीच्या वेळेपर्यंत अंग चटका देतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच नियम टाका: तापाचं औषध न देता 24 तास ताप नसेल तरच शाळेत पाठवा. 'आजारी मुलांना पाठवू नये' या मोघम सूचनेचा उपयोग होत नाही, कारण सिरप दिल्यावर मूल आजारी दिसतच नाही.

आणि शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस बंद करा. मुख्याध्यापकांना हे पटवणं अवघड जाईल, पण ते बक्षीस मिळवायला तापाने फणफणलेली मुलं येतात हे मी दवाखान्यात ऐकलेलं आहे, त्यांच्याच तोंडून.

मात्र प्रत्येक घरात मूल ठेवून घ्यायला कोणी असतंच असं नाही. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोड कुटुंबं येतात. आई-बाप पहाटे फडात, खोपीवर कोणी नाही. त्या मुलाला ताप असला तरी शाळा हीच सुरक्षित जागा असते, आणि जानेवारीतली लाट नेमकी त्याच काळात येते. अशा मुलाला हाकलू नका. दाराजवळ, वाऱ्याच्या वाटेवर बसवा, मास्क द्या, पाणी पाजा, आशाताईंना कळवा. पुराच्या वर्षीही असंच असतं. 2019 आणि 2021 मध्ये शाळांचे वर्ग निवारा केंद्रं झाले होते. अशा ठिकाणी एका खोलीत चार-पाच कुटुंबं राहतात, सगळे भिजलेले, थकलेले. तिथे ड्यूटी लागली तर मास्क पूर्ण वेळ लावा, तिथे ते सयुक्तिक आहे.

तुम्ही स्वतः आजारी पडलात तर काय? फ्लू आणि सर्दी यांतला फरक बहुतेकदा सुरुवातीतच कळतो. सर्दी हळूहळू चढते: आज घसा, उद्या नाक. फ्लू अचानक आडवं करतो. सकाळी परिपाठाला ठणठणीत आणि दुपारी अंग मोडून येतं, थंडी वाजते, डोकं, पाठ, पिंढऱ्या ठणकतात, कोरडा खोकला. पण आपल्याकडे याच महिन्यांत डेंग्यू, चिकुनगुनिया आणि पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसही असतो, आणि पहिल्या दोन दिवसांत ते सगळे सारखेच भासतात. म्हणून ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल घ्या. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन अशा गोळ्या डेंग्यू नाही हे कळेपर्यंत नकोत. डेंग्यूत त्या रक्तस्राव वाढवू शकतात.

'डॉक्टर, एक सलाइन लावा आणि दोन इंजेक्शनं मारा, सोमवारी वर्गावर उभी राहिले पाहिजे' ही मागणी मला ओळखीची आहे. सलाइनने फ्लू एक तासही लवकर बरा होत नाही; तोंडाने पाणी, पेज, ताक जात असेल तर त्याची गरजच नाही. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. फ्लूवर ओसेल्टामिवीर नावाचं औषध आहे, ते सुरुवातीच्या 48 तासांत दिलं तर फायदा जास्त. पण ते प्रत्येकाला लागत नाही आणि मेडिकलमधून आपल्या मनाने आणायचं नाही. तुम्ही निरोगी असाल आणि ताप साधा असेल तर घरी विश्रांती पुरते, स्वॅब तपासणीही लागत नाही. गर्भवती, दमेकरी, मधुमेही किंवा हृदयरोगी असेल तर मात्र पहिल्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. कोणालाही धाप लागली, छातीत दुखलं, थुंकीत रक्त दिसलं, ओठ-नखं निळसर झाली, भ्रम झाला, किंवा ताप उतरून बरं वाटल्यावर पुन्हा जोरात ताप आणि खोकला आला, तर वाट न बघता हॉस्पिटल.

रजेचं म्हणाल तर मुलांचा नियम तुम्हालाही लागू आहे: औषधाविना 24 तास ताप नाही, तोवर शाळा नाही. साधारण चार-पाच दिवस जातात. द्विशिक्षकी शाळेत हे किती जड आहे याची मला कल्पना आहे. पण दुसऱ्या दिवशीच ओढत शाळेत गेलात तर सर पडतात, मग खरंच शाळेला कुलूप लागायची वेळ येते. म्हणून साथीच्या आधीच, जूनमध्ये, सरांबरोबर आणि केंद्रप्रमुखांबरोबर बोलून ठेवा: एक जण आजारी पडला तर शेजारच्या शाळेतून कोण येईल, स्वाध्यायाचे कागद कुठे ठेवलेले असतील. ताप गेल्यावर खोकला आणि थकवा दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तो सहसा संसर्गजन्य नसतो, त्यासाठी घरी बसायला नको. त्या दिवसांत वर्गात ओरडून बोलू नका, एवढंच.

काढा, वाफ, हळदीचं दूध यांना माझा विरोध नाही. घशाला शेक मिळतो, नाक मोकळं होतं, बरं वाटतं. पांढऱ्या रश्श्यानेही बरं वाटतं. पण यातल्या कशानेही फ्लूची लागण थांबत नाही, आणि गरम पाण्याच्या भांड्याशी लहान मुलांना वाफ देताना भाजल्याच्या केसेस येतात, म्हणून मुलांना ती देऊच नका. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या रोज खाल्ल्याने सर्दी-फ्लू टळतो याला आधार नाही. झोपेला आहे. सतत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दीचे विषाणू लवकर धरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. रात्री बारापर्यंत ऑनलाइन माहिती भरत बसावं लागत असेल, तर ते तुमच्या आजारपणाचं एक कारण आहे असं मी डॉक्टर म्हणून लिहून द्यायला तयार आहे.

शेवटी सासूबाईंबद्दल. तुमची धास्ती खरी आहे. जपानमध्ये 1962 पासून शाळकरी मुलांना सरसकट फ्लूची लस दिली जायची. त्या काळात तिथल्या वृद्धांचे हिवाळ्यातले मृत्यू कमी झाले, आणि 1994 मध्ये तो कार्यक्रम बंद पडल्यावर ते पुन्हा वाढले. म्हणजे वर्गातला फ्लू घरातल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचतोच. म्हणून मेमध्ये तुम्ही लस घ्यायला जाल तेव्हा सासूबाईंनाही बरोबर न्या. मधुमेह असल्याने त्यांना ती तुमच्याहून जास्त गरजेची आहे. त्यांच्यासाठी न्यूमोकोकल लशीचंही त्याच वेळी विचारा, कारण फ्लूच्या पाठोपाठ येणारा न्यूमोनियाच बहुतेक वृद्धांना घातक ठरतो. दोन्ही एकाच दिवशी दोन दंडांत देता येतात. तुम्हाला ताप आला तर ते चार-पाच दिवस तुम्ही वेगळ्या खोलीत झोपा, एकच खोली असेल तर खिडकी उघडी ठेवून डोकं-पाय उलटे करून झोपा, त्यांना जेवण वाढायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. आणि तुमच्या आजारपणात त्यांना जरा जरी ताप किंवा खोकला सुरू झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांना 'घरात फ्लूचा पेशंट आहे' असं सांगून दाखवा. त्यांच्या बाबतीत ओसेल्टामिवीर द्यायचं की नाही हे त्या 48 तासांतच ठरवावं लागतं. त्या दिवसांत त्यांची साखर घरी रोज तपासा. तापात ती वर जाते, आणि जेवण कमी होऊन गोळ्या तशाच चालू राहिल्या तर एकदम खालीही येते.